तोच आवाज त्याने केला तर चालतो, मिक्सरचा का चालत नाही?

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. तो स्वतः दिवसभर डबे आपटतो, ओरडतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. पण मी मिक्सर लावला की कान झाकून बाथरूममध्ये जाऊन बसतो. हल्ली तर मिक्सर नुसता ओट्यावर काढून ठेवला तरी रडायला लागतो. सकाळी मोज्यांवरून रोज रडारड. घरातले म्हणतात, नाटक आहे, मुद्दाम लावत जा मिक्सर, होईल सवय. त्याला खरंच त्रास होतो, की तो आम्हाला खेळवतो? सवय लावायची का? आणि मोठा झाल्यावर हे जाईल का?"

त्रास खरा आहे. हे आधीच सांगते, कारण उत्तर लांबणार आहे आणि उद्या सकाळी तुमच्या घरात पुन्हा मिक्सर लागणार आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, खेळ अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करते. अठरा वर्षं याच मुलांबरोबर काम करते आहे. तुम्ही जे कोडं मांडलंय ते माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांतून ऐकू येतं, आणि ते आजचं नाही. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अकरा मुलांची निरीक्षणं एका लेखात मांडली. ऑटिझमच्या आजच्या ओळखीची सुरुवात त्या लेखापासून धरतात. मोठ्या आवाजांना, फिरत्या यंत्रांना घाबरणारी मुलं त्यातही आहेत. एक मुलगी व्हॅक्यूम क्लीनरला इतकी घाबरायची की तो ठेवलेल्या कपाटाजवळही फिरकायची नाही. आणि तिथेच कॅनरने नोंदवलंय की ज्या आवाजाची मुलाला धास्ती वाटते, तेवढाच मोठा आवाज ते मूल स्वतः मजेत करतं. म्हणजे उत्तराचा धागा पहिल्याच लेखात होता. तरीही संवेदनांच्या वेगळेपणाला डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत निकष म्हणून जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. मधल्या काळात किती मुलांना हट्टी, लाडावलेलं, भित्रं म्हटलं गेलं असेल, याचा विचार केला की मला अजूनही वाईट वाटतं.

आता स्वतःच्या तळपायाला स्वतः गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. तेच दुसऱ्याने केलं तर पाय झटकला जातो. बोट तसंच असतं आणि त्वचाही तीच, पण आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा मेंदूला आधीच ठाऊक असतं की आता काय जाणवणार आहे, त्यामुळे तो त्या जाणिवेचा जोर कमी करून ठेवतो. डबा आपटायच्या आधी तुमच्या मुलाच्या मेंदूला आवाज कधी येणार, केवढा येणार आणि कधी थांबणार हे कळलेलं असतं. मिक्सरचं यातलं काहीच त्याला माहीत नसतं. तो कधी सुरू होईल ते तुमच्या हातात. किती वेळ चालेल ते भांड्यात काय आहे त्यावर. मध्येच थांबतो, संपला म्हणून हात कानावरून काढावेत तर पुन्हा सुरू होतो.

इतरांनाही मिक्सरचा आवाज काही आवडत नाही. पण आपल्या मेंदूकडे एक सोय आहे. तोच तोच आवाज, तोच तोच स्पर्श येत राहिला की मेंदू हळूहळू त्याची दखल घेणं सोडतो. आत्ता हे वाक्य वाचेपर्यंत तुम्हाला अंगावरच्या कपड्यांची जाणीव नव्हती. पंख्याचा आवाजही बहुधा ऐकू येत नव्हता. संवेदनांचा त्रास जास्त असलेल्या ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूचे स्कॅन करून जे अभ्यास झाले, त्यांत असं दिसलंय की आवाज आणि स्पर्श पुन्हा पुन्हा देत राहिलं तरी धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया इतर मुलांइतकी लवकर ओसरत नाही. काही मुलांत दहावा आवाज पहिल्याइतकाच नवा असतो. घरातले म्हणतात "सवय लावा", पण नेमकी ती सवय लागण्याची क्रियाच इथे तोकडी पडते आहे. चष्मा लागलेल्याला नीट बघायची सवय लाव म्हणण्यासारखं आहे हे.

मिक्सर नुसता दिसला तरी रडतो, याचंही कोडं यातच सुटतं. आवाजाचा त्रास झाला, पुन्हा झाला, मग त्या वस्तूचीच धास्ती बसली. त्याची गाडी आता आवाजावरून ओट्यावर, कदाचित स्वयंपाकघरावर सरकते आहे. तुम्ही मुद्दाम मिक्सर लावत गेलात तर ती आणखी पुढे सरकेल. उद्या स्वयंपाकघरात यायला नको म्हणेल, मग तिथे जेवायला नको म्हणेल. मी असं झालेली घरं पाहिली आहेत, आणि परत येताना वाट फार लांबची असते.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पाच वर्षांची एक मुलगी होती, तिला हाताला काही चिकट, ओलं लागलेलं सहन व्हायचं नाही. मी तिचा हात माझ्या हातात धरून फेसाच्या ट्रेमध्ये बुडवला. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती रडायची थांबली. मी खूश झाले, तिच्या आईला सांगितलं की सवय झाली. पुढच्या आठवड्यात ती दारातूनच आत येईना. सवय वगैरे काही झाली नव्हती. रडून उपयोग नाही, एवढंच ती माझ्याकडून शिकली होती. तेव्हापासून मुलाचा हात धरून मी तो कशातही घालत नाही. मूल गप्प झालं म्हणजे शांत झालं असं नसतं. काही मुलं सहनशक्तीच्या पलीकडे गेली की आतल्या आत बंद होतात. त्याला शटडाऊन म्हणतात. ताण असह्य होऊन मूल रडून-किंचाळून ताबा सोडतं तो मेल्टडाऊन, आणि शटडाऊन त्याच्याइतकाच त्रासाचा असतो. फक्त मोठ्यांच्या नजरेला सोयीचा दिसतो.

मग करायचं काय? तुमच्या हातात जे आहे ते त्याच्या हातात द्या. आधी मिक्सर नुसता ओट्यावर, प्लग काढलेला, आणि तो दाराशी. तो जिथे उभा राहील ती जागा बरोबर. आपल्याला वाटतं आता दोन पावलं पुढे यावं, पण ते त्याला ठरवू द्या. मग कधीतरी, आतलं पातं काढून ठेवलेलं आणि प्लग तसाच काढलेला असताना, भांडं बसवायचं, काढायचं, बटण फिरवायचं. आवाज नाहीच. मग एक दिवस, त्याची तयारी असेल तर, कानावर हेडफोन, तुम्ही शेजारी, आणि बटण तो फिरवणार. फिरवलं की लगेच बंद करायची मुभा. बहुतेक मुलं अर्ध्या सेकंदात बंद करतात आणि तुमच्याकडे बघतात. त्या नजरेत भीती असते आणि "मी थांबवलं" हेही असतं. याला काही आठवडे लागतात, काही मुलांना महिने. काहींच्या बाबतीत मिक्सर आयुष्यभर दुसऱ्या खोलीतच राहतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

हे मी फक्त अनुभवावरून सांगत नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑटिस्टिक मुलांना सेन्सरी रूममध्ये, म्हणजे वेगवेगळ्या संवेदना देणाऱ्या वस्तूंच्या खोलीत, ठेवून पाहिलं. एकदा दिवे, आवाज आणि स्पर्शाच्या वस्तू मुलांना स्वतः चालूबंद करता येत होत्या, एकदा येत नव्हत्या. खोली तीच होती. ताबा मुलांकडे असताना त्यांचं लक्ष जास्त लागलं आणि पुन्हा पुन्हा त्याच हालचाली करण्याचं प्रमाण कमी झालं.

रोजच्या कामासाठी मात्र एवढं थांबता येत नाही, ते मला ठाऊक आहे. तेव्हा मिक्सर लावायच्या आधी सांगा, दर वेळी, त्याच शब्दांत: "मिक्सर लावते. दहा मोजेपर्यंत. मग बंद." आणि दहाला बंद करायचाच, वाटण भरड राहिलं तरी. दहाचे बारा झाले की तुमच्या सांगण्याचा त्याला काही उपयोग उरत नाही. लागलंच तर पुन्हा सांगून पुन्हा दहा. मिक्सरखाली जाड घडी घातलेलं कापड ठेवलं तर ओट्याची थरथर कमी होते, वास्तविक काही मुलांना आवाजापेक्षा ती थरथरच नकोशी असते. आवाज कमी करणारे हेडफोन जरूर घ्या, फक्त ते दिवसभर कानावर राहू देऊ नका. सतत शांततेत राहिलं तर साधे आवाजही मोठे वाटायला लागू शकतात. गरज असेल तेव्हा लावायचे, संपलं की काढायचे, आणि कधी लावायचे ते ओळखायला त्यालाच शिकवायचं.

आता मोजे.

मोज्यावरून होणारी रडारड मी घराघरांत बसून पाहिली आहे, कारण ती दवाखान्यात दिसत नाही. सहा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आहे. आईने मोजा चढवला. त्याने पाय झटकला. आईने बोटांवरची शिवण सरळ केली. त्याने मोजा काढला, तळवा जमिनीवर जोरजोरात घासला, पुन्हा पाय पुढे केला. म्हणजे त्याला घालायचा होता. दुसऱ्यांदा शिवण करंगळीखाली आली. तो किंचाळला आणि डोकं भिंतीवर आपटायला लागला. आई मला म्हणाली, "एवढ्याशा शिवणीचं काय ते!" मी तिला विचारलं, आज उठल्यापासून काय काय झालं? गजर वाजला. दिवा लागला. दात घासताना फेस ओठांवर आला. डोक्यावरून पाणी. टॉवेल नवा होता. गणवेशाच्या कॉलरला लेबल. केसांतून कंगवा. मग मोजा.

मोजा हे निमित्त होतं. कारण तासभर आधीपासून साठत आलं होतं. निमित्त आणि कारण यांत आपण एरवी बरोबर फरक करतो, पण या मुलांच्या बाबतीत विसरतो. म्हणूनच "काल तर याच मोज्यावर काही बोलला नाही" हे नाटकाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं. काल कदाचित झोप चांगली झाली होती, टॉवेल जुना होता, केस धुतले नव्हते. त्रास एकट्या वस्तूत नसतो, त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या बेरजेत असतो.

त्यामुळे मोज्याचा प्रश्न मोज्याच्या आधी सोडवायला लागतो. शिवण नसलेले मोजे मिळतात, नाहीतर मोजा उलटा घाला म्हणजे शिवण बाहेर राहते. लेबल कापू नका, उसवून काढा. कापलेल्याची कड जास्त टोचते. पण याहून मोठा फरक पडतो तो स्पर्शाच्या जातीने. हलका, अचानक, कुरवाळल्यासारखा स्पर्श यांतल्या बऱ्याच मुलांना नकोसा होतो, आणि घट्ट, स्थिर दाब बरा वाटतो. त्याने तळवा जमिनीवर का घासला? शिवणीची चुरचुर घालवायला त्याने स्वतःच दाब शोधला. मोजा घालण्याआधी, त्याला चालत असेल तर, पावलं दोन्ही हातांत घेऊन सावकाश घट्ट दाबा, किंवा त्याला चार उड्या मारू द्या. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक शास्त्रज्ञ बाई. त्यांनी तरुणपणी गुरांना लस देताना धरून ठेवायचा पिंजरा पाहिला. त्याच्या दाबाने काही गुरं शांत होतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून त्यांनी स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं. त्याचा दाब त्या स्वतः कमीजास्त करायच्या. ताबा पुन्हा स्वतःच्याच हातात.

तुम्ही लिहिलंय की तो टीव्हीचा आवाज वाढवतो, डबे आपटतो. घरातल्यांना हेही विसंगत वाटत असेल. एकाच मुलाला एक संवेदना जास्त आणि दुसरी कमी जाणवते, इतकंच काय, एकाच इंद्रियाच्या बाबतीत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असू शकतं. डबा आपटताना त्याला फक्त आवाज मिळत नाही, हाताच्या स्नायूंना आणि सांध्यांना धक्का मिळतो. शरीर कुठे आहे, किती जोर लागतोय हे सांगणारी ती जाणीव. पाच इंद्रियं आपण शाळेत शिकलो. आमच्या कामात त्यांच्याबरोबर ही एक, तोलाची एक आणि शरीराच्या आतली एक अशा आणखी तीन धरतो. तोलाची जाणीव वेगळी असलेलं एखादं मूल गरगर फिरूनही थकत नाही, तर दुसऱ्याचे पाय जमिनीवरून वीतभर उचलले तरी ते घट्ट पकडून धरतं.

शरीराच्या आतल्या जाणिवेकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण ती कुणाला दिसत नाही. भूक, तहान, लघवी, ताप, दुखणं यांच्या खुणा या मुलांना उशिरा किंवा अस्पष्ट कळू शकतात. मूल एकदम चिडकं झालं, झोप उडाली, कान झाकायला लागलं, डोकं आपटायला लागलं, तर "सेन्सरी आहे", म्हणजे संवेदनांचाच त्रास आहे, म्हणून सोडून देऊ नका. दात, कान, घसा आणि बद्धकोष्ठता आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मूल दुखतंय असं म्हणत नाही म्हणजे दुखत नाही, असा अर्थ काढू नका. आठ दिवस कान झाकणाऱ्या एका मुलाची दाढ किडलेली निघाली होती. शिक्षक, पालक आणि मी, तिघांनीही आधी वर्गातल्या आवाजाला दोष दिला होता.

मेल्टडाऊन सुरू झाला की शिकवण्याची वेळ गेलेली असते. हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं की आपल्याकडे लक्ष आहे का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये मोजा काढून फेकून दिला तरी ते थांबत नाही. दोन्हींची सरमिसळही होते, पण शंका असेल तेव्हा त्रास आहे असं धरून चाला. त्यात चुकलात तरी नुकसान कमी आहे. अशा वेळी बोलणं थांबवा. "काय झालं, सांग ना" हाही आवाजच असतो. दिवा मंद करा, माणसं बाहेर पाठवा, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी धरा, हाताच्या अंतरावर बसून राहा. मिठी त्याला आवडत असेल आणि त्याने अंग पुढे केलं तरच. उतरल्यावर पाणी द्या. जाब विचारू नका, त्या दिवशी तर नाहीच.

शाळेतून "इथे तर अगदी शहाण्यासारखा असतो" असा निरोप येत असेल, तर त्याचा अर्थ घरी लाड होतात असा लावू नका. सहा तास सगळं आत दाबून ठेवलेलं मूल दप्तर खाली ठेवताक्षणी सुटतं. घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नाही, अभ्यास नाही, पाहुणे नाहीत.

थेरपीबद्दल खरं तेच सांगते. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे मेंदू वेगवेगळ्या संवेदनांची सांगड कशी घालतो याची, मांडणी केली, १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि आमचं बरंचसं काम त्या पायावर उभं आहे. पण पुरावा सगळ्या गोष्टींना सारखा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच पालकांना सांगितलं होतं की या थेरपीबाबतचं संशोधन मर्यादित आहे, तेव्हा ठरावीक काळाने फरक पडतोय का ते मोजावं. वजनदार पांघरुणाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने ऑटिस्टिक मुलांची झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. मूल आवडीने घेत असेल आणि स्वतःच्या हाताने बाजूला सारू शकत असेल, तर घ्या. झोपेचं औषध म्हणून विकत घेऊ नका, आणि फार लहान मुलांवर घालू नका. कुणी अमुक सत्रांत बरं करतो म्हणालं, ब्रशने घासून संवेदना सुधारतो म्हणालं, तर नेमका कोणता रोजचा त्रास कमी होणार आणि तो कसा मोजणार, हे विचारा. "दात घासताना रडणं आठवड्यात सात दिवसांवरून तीन दिवसांवर" असं उत्तर मला पटतं. "सेन्सरी सिस्टिम सुधारेल" हे पटत नाही.

मोठा झाल्यावर जाईल का? बहुतेकांचं पूर्णपणे जात नाही. बदलतं, काही गोष्टी सुसह्य होतात, आणि मोठ्या माणसाकडे मुलाकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे उठून निघून जाण्याची मुभा. माझ्याकडे येणारा एक तरुण कायम भिंतीला पाठ लागेल अशी जागा निवडतो, खिशात इअरप्लग ठेवतो आणि नव्या माणसाला आधीच सांगतो की मी तुमच्याकडे बघत नसलो तर नीट ऐकतोय असं समजा, बघायला लागलो तर ऐकणं सुटतं. लहानपणचा मिक्सर त्याला अजून आठवतो. आवाजापेक्षाही, आपल्याला धरून तिथे उभं करणारे हात जास्त आठवतात, असं तो म्हणाला.

श्रवणतपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. मग दोन आठवडे एका वहीत लिहा: काय झालं, त्याआधीच्या दोन तासांत काय काय झालं होतं, झोप किती, पोट साफ होतं का, आणि ते थांबलं कशाने. "हट्ट केला", "नाटक केलं" असे शब्द वहीत नकोत, फक्त दिसलं ते. ती वही घेऊन जवळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. आणि तोवर मिक्सर दहापर्यंतच.